घरपट्टी आपोआप वाढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरपट्टीवाढीचा विषय निघाला की ‘नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मग वाढीव पट्टी कशाची?’ हा प्रश्न सोलापुरात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु ते पाणी उजनीहून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पंपांनी रेटत आणावे लागते आणि विजेचा दर वाढला की त्याचे बिल महापालिकेलाच भरावे लागते, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

जकात होती तेव्हा ही ओढाताण इतकी जाणवत नसे, कारण आकारणी मुख्यतः मालाच्या किमतीवर असल्याने महागाईबरोबर उत्पन्नही वाढे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून महापालिका शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसते. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर, आणि त्याचा स्वभाव जकातीच्या नेमका उलट आहे. मिळकतीला येऊ शकणाऱ्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरते आणि फेरआकारणी होईपर्यंत ते तिथेच थांबते. घंटागाडीचे डिझेल आणि सफाई कामगारांचे पगार मात्र थांबत नाहीत. तेव्हा दर किंवा मूल्य यांपैकी काहीतरी वाढवल्याशिवाय आहे ती सेवासुद्धा टिकणार नाही. (बिलातील शिक्षण कर आणि रोजगार हमी कर शासनाकडे जातात; त्याचे खापरही महापालिकेवरच फुटते.)

माझा आक्षेप वाढीला नाही, क्रमाला आहे. हद्दवाढ भागातील नोंद नसलेली घरे आणि जुन्या घरांवर चढलेले मजले आधी आकारणीत यावेत. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लावायची आणि मग अभय योजनेत ती माफ करायची, हा प्रकार वेळेवर पैसे भरणाऱ्याची चेष्टा करणारा आहे. आमच्या गल्लीत तर थकबाकीदार उघडपणे पुढच्या माफीची वाट पाहतात.

एवढे झाल्यावर दर जरूर वाढवावा. मात्र उजनीचे वीजबिल किती, पाणीपट्टीतून त्यातले किती भरून निघते आणि तूट कशातून भागवली, हे तीन आकडे दरवर्षी बिलावर छापावेत.

आपला,
एक करदाता, जुळे सोलापूर