एका पायावर उभं राहिलं की झालं?

महोदय,

एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं की पडण्याची चिंता नको, हे तुमच्या कालच्या आरोग्य पुरवणीतलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फोटोतले आजोबा खोलीच्या मधोमध हात पसरून उभे आहेत. आधाराला भिंत नाही, शेजारी माणूस नाही. आमच्या चाळीतल्या काकांनी तो बघून गॅलरीतच पाय उचलला. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. ही चाचणी करताना जवळ कुणीतरी उभं असावंच लागतं, एवढं एक वाक्य छापायला हवं होतं.

माझी आई 77 वर्षांची. गेल्या वर्षी वाडीतल्या शिबिरात तिची चाचणी झाली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. आईला दहा लागले. समोर कुणी घड्याळ लावून बसलं की ती नेहमीपेक्षा भरभर चालते, हे त्यांना कुठून कळणार? कार्डावर ‘उत्तम’ असा शेरा मिळाला, तो तिनं चार घरी दाखवला.

तिसऱ्याच आठवड्यात पहाटे तीनला ती लघवीला उठली, मोरीशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळली. खुबा मोडला. इस्पितळात पहिल्यांदाच तिचं बीपी आडवं असताना आणि उभं करून असं दोनदा बघितलं. वरचा आकडा 148 वरून 118 वर आला. 20 ने उतरला तरी काळजी करतात. मग डॉक्टरांनी विचारलं, “आजी, याआधी कधी पडलात?” आई म्हणाली, “दोनदा. जिन्यात.” मी तिच्याच घरात राहते, मलाही ते तेव्हाच कळलं. शिबिरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

चाचण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. आता आईकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई तोल मोजणारी ‘बर्ग’ नावाची चाचणी घेतात, 14 कृती आणि 56 गुणांची, आणि सुधारणा दिसते. पण त्या प्रत्येक वेळी गोळ्यांचा डबा उघडून बघतात, चष्म्याचा नंबर कधी तपासला ते विचारतात, रात्री किती वेळा उठता ते विचारतात. तुमच्या लेखात यातलं काहीच नाही.

आणि कृपा करून ज्येष्ठांसाठीचं पान निळ्या पट्टीवर बारीक राखाडी अक्षरांत छापू नका. चष्मा लावूनही आईला ते वाचता आलं नाही, मलाच वाचून दाखवावं लागलं.

एक वाचक, गिरगाव