विषय: लॉकडाऊनमध्ये यार्डात उभ्या असलेल्या बोटीचा विमा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

इंदूर
१२ ऑक्टोबर २०२०

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, मुंबई

स. न. वि. वि.

माझ्या बोटीचा दावा नाकारल्याचं तुमचं पत्र सप्टेंबरच्या अखेरीस मिळालं. त्याआधी मी इंग्रजीत पाठवलेल्या प्रत्येक ईमेलला एकच ठरावीक उत्तर येत होतं, फक्त तारीख बदललेली. तुमचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, म्हणून आता मराठीत लिहितेय. निदान हे पत्र कुणी माणूस वाचेल.

बोट म्हणजे फायबरग्लासची एंटरप्राइज डिंगी (शिडाची छोटी बोट), लांबी ४.०४ मीटर, दोघांनी मिळून चालवायची. मालकी माझी आणि माझ्या धाकट्या जावेची. (दोघी जावा एका बोटीत, यावर घरात व्हायचे तेवढे विनोद होऊन गेलेत.) आम्ही इंदूरला रामबागेत राहतो आणि बोट असते भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, क्लबच्या यार्डात. पॉलिसीच्या परिशिष्टात बोट ठेवण्याचं ठिकाण म्हणून त्याच यार्डाचा पत्ता तुम्हीच छापला आहे.

इंदूरचे आम्ही काही सदस्य रविवारी पहाटे निघायचो. देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर असा साधारण १९० किलोमीटरचा रस्ता, मध्ये कुठे तरी पोहे, आणि ऊन चढायच्या आत बोट पाण्यात. १५ मार्चच्या रविवारी आम्ही नेहमीसारखं सेल (शीड) उतरवलं, घडी करून पिशवीत घातलं, कव्हर ओढलं, बोट जमिनीतल्या कड्यांना दोरांनी बांधली आणि घरी आलो. मास्ट (डोलकाठी) उभाच ठेवला, कारण पुढच्या रविवारी परत यायचं होतं. पुढचा रविवार जनता कर्फ्यूचा निघाला. मग २४ मार्चला टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलल्याची बातमी क्लबच्या ग्रुपवर आली, पोरं हळहळली, आणि त्याच दिवशी रात्री आठला देशभर टाळेबंदी जाहीर झाली.

आता तुमच्या पत्रातलं पहिलं कारण: 'बोट सलग ३० दिवसांहून अधिक काळ देखरेखीविना होती.'

हे वाक्य वाचून माझी जाऊ हसली. मला हसू आलं नाही. त्या दोन महिन्यांत आमच्या बोटींवर जेवढी देखरेख झाली तेवढी एरवी वर्षभरात होत नाही. क्लबचा चौकीदार टाळेबंदीत गावी जाऊ शकला नाही, तो यार्डातल्या खोलीतच राहिला. रोज संध्याकाळी तो फोन घेऊन यार्डात फेरी मारायचा आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. सुरुवातीला नुसतीच फेरी असे. मग पोरं प्रश्न विचारायला लागली, आणि तो प्रत्येक बोटीपाशी थांबून दोर ओढून दाखवायला लागला, कव्हरवर साचलेला पाला झटकायला लागला. श्यामला हिल्सवर राहणाऱ्या एका सदस्याच्या गच्चीतून तलाव दिसतो. त्यांना खाली उतरून काठावर जाता येत नव्हतं, पण ते रोज सकाळी गच्चीतून वाऱ्याची दिशा आणि जोर लिहून पाठवायचे. इथे इंदुरात आम्ही, जिथे ३० मार्चपासून काही दिवस किराणासुद्धा बंद होता, ते वाचून म्हणायचो की आज काय सुरेख रेस झाली असती.

रविवारी संध्याकाळी रेसही व्हायची, फोनवर. व्हर्च्युअल रेगाटा नावाचा खेळ आहे, सगळ्यांनी उतरवून घेतला. त्यात बारा-तेरा वर्षांची पोरं आम्हा मोठ्यांना धुऊन काढायची. आमचे एक निवृत्त कर्नल, ज्यांनी खऱ्या तलावावर आम्हाला सगळ्यांना शिकवलं, ते अंगठ्यानं बोट चालवताना दर वेळी मार्कवर, म्हणजे वळणाच्या खुणेवर, आदळायचे आणि झूमवर येऊन फोनला दोष द्यायचे. शर्यतीनंतर प्रोटेस्ट, म्हणजे नियमभंगाची तक्रार, चालायचा: पोर्ट टॅकवरच्या (डावीकडून वारा घेणाऱ्या) बोटीनं स्टारबोर्डवालीला (उजवीकडून घेणारीला) वाट का दिली नाही, यावर खरोखरीचे नियम काढून वाद. फुकटच्या झूमची चाळीस मिनिटं संपली की निकाल लागायच्या आत सगळे बाहेर फेकले जायचे. आठवड्यात एकदा गाठींचा वर्ग असे. माझ्या जावेनं बोलाइन गाठीचा सराव खाटेच्या पायावर केला आणि सासूबाईंची दोरी कापून ठेवली, त्यावरून आमच्याकडे झालेलं प्रकरण तुमच्या दाव्यापेक्षा लवकर मिटलं.

हे सगळं विमा कंपनीला कशाला सांगायचं? कारण हीच आमची देखरेख. ग्रुपवरचे रोजचे व्हिडिओ तारीख-वेळेसह मी पेन ड्राइव्हवर तुम्हाला पाठवले. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. मालकानं स्वतः जाऊन बघणं, एवढाच देखरेखीचा अर्थ असेल तर पॉलिसीत तसं लिहायला हवं होतं. माझ्या प्रतीत तसं कलम नाही. आणि असतं तरी मी गेले कशी असते? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली केंद्राचा आदेश होता. तो मोडला तर कलम ५१ प्रमाणे वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. इंदूर आणि भोपाळ, दोन्ही जिल्हे रेड झोनमध्ये. डिंगीची दोरी तपासायला जाते म्हणून मला कुणी पास दिला असता असं तुमच्या दावे विभागाला वाटत असेल, तर त्यांनी तेव्हाचं इंदूर पाहिलेलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी भोपाळला जोराची आंधी आली. तारीख आणि वेळ अर्जात आहे. बाजूच्या बोटीची ट्रॉली सुटून आमच्या बोटीवर आली, एका बाजूच्या शराउडची (मास्टला ताणून धरणाऱ्या तारेची) चेनप्लेट, म्हणजे ती तार अडकवायची पट्टी, डेकमधून उखडली, आणि मग आधार गेलेला मास्ट पडला तो हाउंड्सपाशी, म्हणजे या तारा त्याला जोडतात तिथे, वाकला. गनेलला (बोटीच्या वरच्या कडेला) चीर गेली. चौकीदारानं त्याही परिस्थितीत हल (बोटीचं धड) आणखी दोन दोरांनी बांधून धरला, नाहीतर बोट उलटली असती. गच्चीवरच्या सदस्यांनी धुळीनं भरलेल्या तलावाचा फोटो त्याच वेळी ग्रुपवर टाकला होता. तोही तुमच्याकडे आहे. सेल पिशवीत होतं. त्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला, पण त्याचे पैसे मी मागितलेले नाहीत. उंदीर पॉलिसीतून वगळलेत, ते मी वाचलं आहे.

दुसरं कारण तुम्ही दिलंय: सूचना उशिरा मिळाली. मी त्याच रात्री तुमच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल केला आणि तुमच्या यंत्रणेनं पोच दिली, दाव्याचा क्रमांकही दिला. तुम्ही मोजताय ती सहीचा कागदी अर्ज पोचल्याची तारीख. इंदुरात तेव्हा कुरियर घेणारं कोणी नव्हतं आणि तुमची इथली शाखा कुलूपबंद होती. शाखा तुम्ही बंद ठेवायची आणि अर्ज उशिरा आला म्हणून मला दोष द्यायचा, हा हिशोब माझ्या डोक्यात शिरत नाही. उशिराचंच बोलायचं तर विमा नियामकाच्या २०१७ च्या पॉलिसीधारक हितरक्षण नियमांप्रमाणे सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) ७२ तासांत नेमायचा असतो आणि त्यानं ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तुमचा सर्व्हेअर जुलैत नेमला गेला. त्यानं व्हिडिओ कॉलवर बोट बघितली आणि वाकलेला मास्ट बघून हा बूम (शिडाच्या खालची आडवी दांडी) आहे का, असं विचारलं. अहवालाची प्रत मी दोनदा मागितली. अजून मिळालेली नाही.

तिसऱ्या कारणावर मी सगळ्यात जास्त चिडले आहे, म्हणून ते नीट लिहिते. तुम्ही म्हणता, बोट 'लेड-अप' (वापरातून काढून ठेवलेली) असताना मास्ट उतरवून ठेवलेला नव्हता, म्हणजे वाजवी काळजी घेतली नाही.

एंटरप्राइजचा मास्ट उतरवायला दोन माणसं लागतात. आमच्या क्लबात सगळे मास्ट पावसाळ्याआधी, जूनच्या सुरुवातीला, सगळे मिळून उतरवतात. तोपर्यंत हंगाम चालू असतो. एकट्या चौकीदारानं हे काम करू नये अशी क्लबच्या सचिवांची सक्त ताकीद होती. उभा मास्ट डोक्यावर आला तर त्याला उचलून न्यायला कोण येणार होतं त्या दिवसांत? ती ताकीद योग्यच होती असं मी आजही म्हणते. तरी तुमचं म्हणणं घटकाभर मान्य करू: बोट लेड-अप होती.

तर मग माझं ४ जूनचं पत्र काढून बघा. त्यात मी विचारलं होतं की टाळेबंदीत बोट पाण्यात जाऊच शकत नव्हती, तर पॉलिसीतल्या तरतुदीप्रमाणे लेड-अप काळाचा हप्त्यातला फरक परत मिळेल का? तुमचं उत्तर माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय की बोट लेड-अप केल्याची आगाऊ लेखी सूचना नसल्यामुळे ती संपूर्ण काळ 'वापरात' होती असं धरण्यात येत आहे, सबब परतावा देय नाही.

परतावा मागितला तेव्हा बोट वापरात. नुकसान मागितलं तेव्हा तीच बोट, त्याच तारखांना, लेड-अप. या दोन पत्रांवर तुमच्याच कंपनीच्या दोन सह्या आहेत. दोन्ही टेबलं एकमेकांशी बोलत नसतील तर निदान मी आज दोन्ही पत्रांच्या प्रती एकत्र टाचून पाठवतेय.

आणि बोट वापरात होती म्हणून घेतलेला पूर्ण हप्ता कशासाठी होता? पाण्यावरच्या धोक्यासाठी. मार्चच्या अखेरीपासून तलावावर एकही क्लबची बोट उतरली नाही. क्रीडा संकुलं उघडायला १८ मेपासून परवानगी मिळाली, पण त्यानंतरही आमच्याकडे फक्त एकट्यानं चालवायच्या बोटींचा विचार झाला. दोघांची बोट म्हणजे हातभर अंतरावर दोन तास, तिचा नंबर शेवटी. मोटार आणि आरोग्य विम्याला सरकारनं एप्रिलमध्ये नूतनीकरणाची मुदत वाढवून दिली. डिंगीचा विचार करायला कुणाला सवड नव्हती, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही तरी करायला हवा होता, हा विमा तुम्हीच विकता. नूतनीकरणाचा हप्ता मात्र दावा प्रलंबित असताना जूनमध्ये माझ्या खात्यातून वेळेवर कापला गेला.

आमचा क्लब काही श्रीमंत नाही. तरी त्यानं सदस्यांना विचारून तीन महिन्यांची वर्गणी निम्मी केली आणि चौकीदाराचा पगार पूर्ण दिला. ज्यांना जमलं त्यांनी पूर्ण वर्गणी भरली. हे तुम्हाला टोमणा म्हणून लिहितेय, हे लक्षात आलंच असेल.

माझ्या मागण्या अशा. दावा पुन्हा उघडा आणि मास्ट, चेनप्लेट, डेक आणि गनेलच्या दुरुस्तीचा, मुंबईच्या कारागिरानं दिलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे, निपटारा करा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्या. झालेल्या विलंबावर नियमाप्रमाणे बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दरानं व्याज द्या. बोट त्या काळात वापरात होती की लेड-अप, यांपैकी एक काय ते लेखी कळवा. वापरात असेल तर तिसरं कारण मागे घ्या, लेड-अप असेल तर हप्त्यातला फरक परत करा. पुन्हा नाकारायचंच असेल तर पॉलिसीच्या कलमाचा क्रमांक आणि पूर्ण मजकूर द्या, 'अटी व शर्तींनुसार' हे शब्द नकोत.

समाधानकारक उत्तर आलं नाही, किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर मी विमा लोकपालाकडे जाईन. मध्य प्रदेशाचं लोकपाल कार्यालय भोपाळलाच आहे, त्यामुळे बोट प्रत्यक्ष पाहायची झाली तर त्यांना तुमच्या सर्व्हेअरपेक्षा सोपं जाईल. तिथे नाही भागलं तर जुलैपासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मला मुंबईला यायचीही गरज नाही, मी राहते तिथे, इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार नोंदवता येते.

सोबत दोन्ही पत्रांच्या प्रती, ईमेलची पोच, अंदाजपत्रक, क्लबच्या सचिवांचं आणि चौकीदाराचं निवेदन जोडलं आहे. व्हिडिओचा पेन ड्राइव्ह पुन्हा पाठवत नाही, पहिला तुमच्याकडेच आहे. तो आधी उघडून बघावा. या विषयावर फोन करू नये, उत्तर लेखीच पाठवावं.

कळावे,

आपली पॉलिसीधारक
(सहमालक या नात्याने धाकट्या जाऊबाईंचीही सही खाली आहे)