छोट्या लीगचा निकाल जुलैतच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातल्या फुटबॉलवर मराठी वृत्तपत्रांत लिहून येते ते बहुधा चॅम्पियन्स लीगची बाद फेरी सुरू झाल्यावर. रात्री दीडपर्यंत जागून हे सामने पाहणारी मुले सोलापुरात आता कमी नाहीत. त्यांच्या चर्चेत एक मत हमखास ऐकू येते: नॉर्वे, आयर्लंड, मोल्दोव्हा यांच्या लीगकडे पैसा नाही, त्यामुळे त्यांचे काही होणार नाही. पैशाचे म्हणणे खोटे नाही. २००४ मध्ये पोर्तोने चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेर तो करंडक गेलेला नाही. पण छोट्या लीगचे उद्दिष्ट करंडक नसतेच. पात्रतेत एक फेरी पुढून सुरुवात, जमल्यास एखादी वाढीव जागा आणि डिसेंबरपर्यंत युरोपात सामने, एवढे मिळाले तरी त्या देशातल्या फुटबॉलचे दिवस पालटतात. आणि हे मिळवणे बऱ्याच अंशी लीग चालवणाऱ्यांच्या हातात आहे.

आधी हिशेब पाहू, कारण तो समजल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. यूएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, प्रत्येक देशाचा गुणांक काढते. मुख्य टप्प्यात, म्हणजे पात्रता फेऱ्या संपल्यावर, विजयाला २ गुण, बरोबरीला १. पात्रता फेऱ्यांत त्याच्या निम्मे. पेनल्टी शूटआऊट यात धरत नाहीत. देशाच्या सगळ्या क्लबांचे गुण एकत्र करून खेळलेल्या क्लबांच्या संख्येने भागतात आणि पाच हंगामांची बेरीज करून क्रमवारी लावतात. कोणत्या देशाला किती जागा आणि कोणत्या फेरीपासून सुरुवात, हे त्या क्रमवारीवरून ठरते. खरी मेख या भागाकारात आहे. समजा, एका देशाचे चार क्लब उतरले. घरची लीग जिंकलेल्या विजेत्या क्लबने पात्रतेत दोन सामने जिंकले आणि कॉन्फरन्स लीगच्या (युरोपातली तिसऱ्या दर्जाची स्पर्धा) सहा सामन्यांत तीन विजय व एक बरोबरी मिळवली. बोनस गुण सोडले तर झाले ९. बाकीचे तीन क्लब जुलैत पहिल्याच फेरीचे दोन्ही सामने (एक घरी, एक बाहेर) हरून घरी आले. ९ भागिले ४, म्हणजे २.२५. आता त्या तिघांनी जुलैत फक्त एकेक विजय आणि एकेक बरोबरी मिळवली असती, तर साडेचार गुण वाढून देशाच्या खात्यात ३.३७५ आले असते. तेच नामवंत खेळाडू, तोच विजेता क्लब, आणि देशाचा गुणांक दीडपट.

म्हणून एका क्लबला पैसेवाला मालक मिळाला की लीग सुधारली, हा समज चुकीचा आहे. मोल्दोव्हाच्या शेरीफ तिरासपोलने सप्टेंबर २०२१ मध्ये माद्रिदला जाऊन रेआल माद्रिदला २-१ असे हरवले. कामगिरी अभिमानास्पद होती, यात वाद नाही. पण त्याच्या मागे उभे राहतील असे दुसरे-तिसरे क्लब त्या लीगमध्ये नव्हते. उलट पोलंड पाहा. २०२४-२५ च्या कॉन्फरन्स लीगमध्ये लेगिया वॉर्सा आणि यागेलोनिया हे दोघेही उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले आणि चेल्सी व बेतिस या, पुढे अंतिम सामना खेळलेल्या संघांकडूनच बाद झाले. दोन क्लब मार्चच्या पुढे टिकले की त्या देशाचा आलेख कसा चढतो, हे सांगायला नको.

विजेत्या क्लबासाठी मात्र सध्याच्या रचनेत मोठी सोय आहे. चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत हरलेला राष्ट्रीय विजेता थेट बाहेर पडत नाही, खालच्या स्पर्धेत (आधी युरोपा लीग, मग कॉन्फरन्स लीग) जातो. पहिली आणि दुसरी पात्रता फेरी जिंकली की पुढे लागोपाठ दोनदा हरले तरी कॉन्फरन्स लीगचा मुख्य टप्पा निश्चित. फेरो बेटांवरच्या क्लाक्सविकच्या केआय क्लबने २०२३ मध्ये नेमके हेच केले. गावची वस्ती सुमारे पाच हजार. हंगेरीच्या फेरेन्त्सवारोशशी घरी ०-० आणि बुडापेस्टमध्ये ३-० असा विजय. स्वीडनच्या हॅकेनवर पेनल्टीत मात. मग मोल्डेकडून जादा वेळेत हार. मग शेरीफकडून हार. तरीही फेरो बेटांचा पहिला क्लब युरोपच्या गटसाखळीत पोहोचला आणि तिथे त्याने फ्रान्सच्या लीलला ०-० असे रोखले.

पण देशातल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या क्लबांना अशी दुसरी संधी मिळत नाही. जुलैत एका फेरीत हरले की वर्ष संपले. म्हणून लीगने सर्वांत जास्त हात द्यायचा तो या क्लबांना, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडेच असते.

यात पहिला प्रश्न वेळापत्रकाचा. पात्रतेच्या चार फेऱ्या जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, सुमारे आठ आठवडे, ओळीने चालतात. वेल्स किंवा उत्तर आयर्लंडची लीग ऑगस्टमध्ये सुरू होते. त्यांच्या क्लबांचा मोसमातला पहिला खरा सामना थेट युरोपचा असतो. खेळाडूंचे पाय अजून मोकळे झालेले नसतात, बचावफळी एकत्र खेळलेली नसते, आणि शेवटच्या वीस मिनिटांत गोल खाल्ले जातात. नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटे आणि आयर्लंडमध्ये लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपते, त्यामुळे जुलैत त्यांचे संघ भरात असतात. याची दुसरी बाजूही आहे. आइसलँडची लीग ऑक्टोबरमध्ये संपते आणि युरोपचे साखळी सामने डिसेंबरपर्यंत चालतात. २०२३-२४ मध्ये ब्रेडाब्लिक हा आइसलँडचा पहिला क्लब गटसाखळीत पोहोचला आणि सहाच्या सहा सामने हरला. प्रतिस्पर्धी तगडे होतेच. पण लीग संपल्यावर सामन्यांची लय टिकवायची कशी, याचे उत्तरही तयार नव्हते. अशा लीगने पात्र क्लबासाठी नोव्हेंबरमध्ये शेजारी देशांतल्या, हंगामात असलेल्या क्लबांशी दर आठवड्याला एक सराव सामना आधीच ठरवून ठेवावा. ज्यांची लीग ऑगस्टमध्ये सुरू होते त्यांनी जूनअखेरीस देशांतर्गत चषकाच्या एक-दोन फेऱ्या घ्याव्यात. मैत्रीपूर्ण सामन्याने ती धार येत नाही.

सामने पुढे ढकलण्याचा नियमही हंगामापूर्वी लिहून ठेवावा. २०१९ मध्ये आयाक्सचा टॉटनहॅमशी उपांत्य सामना होता, तेव्हा नेदरलँड्सने लीगची संपूर्ण ३३ वी फेरी २८ एप्रिलवरून १५ मेवर नेली. एकट्या आयाक्सचा सामना हलवला असता तर विजेतेपद आणि पदावनती या दोन्ही शर्यतींत कुरबुर झाली असती. सगळी फेरी हलवल्याने तो प्रश्नच राहिला नाही. छोट्या लीगला इतके जमणार नाही, पण निदान एकाच फेरीच्या दोन सामन्यांच्या मधला शनिवार-रविवार युरोपात खेळणाऱ्या क्लबासाठी मोकळा ठेवता येतो. त्यात गफलत होते ती अशी: सामना ढकलला जातो, नवी तारीख ठरत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन दिवसांआड सामने येऊन संघ दमतो. म्हणून ढकलतानाच नवी तारीख जाहीर झाली पाहिजे.

पुढचा प्रश्न खेळाडू विकण्याचा, आणि आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होते. जुलैत चमकलेल्या खेळाडूला ऑगस्टमध्ये, दोन पात्रता फेऱ्यांच्या मध्ये, मोठा क्लब उचलतो. छोट्या क्लबाला नाही म्हणणे परवडत नाही; म्हणू नये. करार मात्र शहाणपणाने करावा: विक्री आत्ताच, पण खेळाडू डिसेंबरपर्यंत लोनवर (उसना) इथेच, शिवाय पुढच्या विक्रीत दहा-वीस टक्के वाटा. फिफाच्या नियमाप्रमाणे कराराची मुदत संपण्याआधी परदेशी बदली झाली की रकमेतले ५ टक्के त्या खेळाडूला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयात दर हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ या वयात अर्धा टक्का. म्हणजे १ कोटी युरोच्या बदलीत, १६ ते १९ अशी चार वर्षे खेळाडू ज्यांच्याकडे होता त्या क्लबाला २ लाख युरो मिळतात. हा पैसा बुडतो तो नोंदणीच्या हलगर्जीपणामुळे. मुलगा कोणत्या तारखेला कोणत्या क्लबात आला, याची नोंद राष्ट्रीय संघटनेकडे नसेल तर दावा सिद्ध होत नाही. बारा वर्षांच्या मुलापासून प्रत्येकाची संगणकीय नोंद ठेवणे, हे लीगचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत किफायतशीर काम आहे.

घरचे खेळाडू घडवण्याचे आणखी एक कारण आहे. यूएफाच्या मुख्य यादीत २५ खेळाडू बसतात, पण त्यातल्या ८ जागा देशात घडलेल्यांसाठी राखीव, आणि त्यांतल्या ४ त्याच क्लबात घडलेल्यांसाठी. तसे खेळाडू नसतील तर जागा रिकाम्या जातात. ऑगस्टमध्ये घाईने सात-आठ परदेशी घेणारे क्लब मग २१-२२ जणांवर हंगाम ओढतात.

नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्टचे उदाहरण इथे नीट पाहण्यासारखे आहे. आर्क्टिक वृत्ताच्या वरचे शहर, वस्ती पन्नास-पंचावन्न हजार; २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूरची साडेनऊ लाख होती. मैदानात सुमारे आठ हजार प्रेक्षक मावतात. २०१७ मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. २०१८ पासून शेतील क्नुतसेन हेच प्रशिक्षक, ४-३-३ हीच मांडणी. २०२० मध्ये पहिले विजेतेपद, ऑक्टोबर २०२१ मध्ये रोमावर ६-१, आणि २०२४-२५ मध्ये लाझिओला हरवून युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत. नॉर्वेचा एकही क्लब त्याआधी तिथवर गेला नव्हता. त्यांनी खेळाडू विकले नाहीत असे नाही. येन्स पेटर हाऊगे मिलानला गेला, पात्रिक बर्ग लान्सला, होकोन एव्हयेन आल्कमारला. पण संघाची मांडणी न बदलल्याने जाणाऱ्याच्या जागी येणाऱ्याला काय करायचे ते आधीच ठाऊक होते, आणि हे तिघेही पुढे परत आले तेव्हा पहिल्या दिवसापासून खेळू शकले. प्रशिक्षक दर दीड वर्षाने बदलणाऱ्या क्लबाला हे कधीही साधणार नाही.

मैदानांबद्दल थोडक्यात. मुख्य टप्प्यासाठी यूएफाला वरच्या श्रेणीचे मैदान लागते. वेल्सचा टीएनएस (द न्यू सेंट्स) क्लब २०२४ मध्ये पात्र ठरला आणि त्याला ‘घरचे’ सामने इंग्लंडमधल्या श्रूसबरीत खेळावे लागले. आइसलँडच्या विकिंगुरने फेब्रुवारी २०२५ मध्ये पानाथिनाईकोसविरुद्धचा घरचा सामना हेलसिंकीत खेळला. प्रत्येक क्लबाने असे मैदान बांधणे वेडेपणाचे होईल. देशात एक मैदान, पुरेसे प्रकाशझोत, तळाशी तापवण्याची सोय किंवा दर्जेदार कृत्रिम गवत, एवढे लीगने आणि संघटनेने मिळून करावे.

राहिला बक्षिसाच्या पैशाचा प्रश्न. कॉन्फरन्स लीगच्या मुख्य टप्प्यात पोहोचताच क्लबाला ३१.७ लाख युरो मिळतात, प्रत्येक विजयाला वर ४ लाख. छोट्या लीगमध्ये ही रक्कम एकाच क्लबाच्या हाती वर्षानुवर्षे गेली की बाकीचे त्याला पकडूच शकत नाहीत, देशातले सामने एकतर्फी होतात, आणि तोच क्लब युरोपात दडपणाखाली कोसळतो, कारण घरी त्याला कुणी दमवलेलेच नसते. युरोपात न खेळणाऱ्या क्लबांसाठी यूएफा स्पर्धांच्या उत्पन्नातले ७ टक्के देते. त्यात प्रत्येक लीगने स्वतःची भर घालावी: मुख्य टप्प्यातल्या क्लबाने रकमेचा ठरावीक हिस्सा इतरांना द्यायचा, आणि तो १९ वर्षांखालील संघ, फिजिओ, सामन्यांचे चित्रीकरण एवढ्यावरच खर्च व्हायचा. खेळाडूंच्या पगारावर खर्चायला मोकळीक दिली की एका हंगामात तो संपतो.

बारा संघांची लीग २२ सामन्यांनंतर सहा-सहांत विभागण्याची डेन्मार्क आणि ऑस्ट्रियाची पद्धतही याच कारणासाठी उपयोगी आहे. वरचे सहा एकमेकांशी जास्त खेळतात, चुरशीचे सामने वाढतात. ऑस्ट्रियात तर विभागणीनंतर गुण निम्मे होत असत. तिथे साल्झबर्गची सलग दहा विजेतेपदांची मालिका २०२४ मध्ये स्टुर्म ग्राझने तोडली.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. येत्या जुलैपासून दर शुक्रवारी पात्रता फेऱ्यांचे निकाल आणि देशांचा गुणांक यांची छोटी चौकट द्यावी. दहा ओळी पुरतील. चॅम्पियन्स लीगची बाद फेरी सगळेच छापतात.

आपले,
फुटबॉलचे काही अभ्यासक वाचक,
सोलापूर