रविवारी जुन्या इमारतींना कुलूप कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीकेंडला कुठे जायचं म्हटलं की सगळे डोंगर, समुद्र नाहीतर रिसॉर्ट शोधतात, शेजारच्या शहराचा जुना मध्यभाग पायी फिरून बघा असं कोणीच सांगत नाही आणि मला तर तीच सगळ्यात भारी ट्रिप वाटते. मोटारी यायच्या आधी वसलेला भाग हा, लोक चालतच कामाला जायचे, त्यामुळे पोस्ट, कोर्ट, बाजार, टाऊन हॉल सगळं जवळजवळ. एरवी ऑफिसच्या गर्दीत मान वर करायची सोय नसते पण रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो, तेव्हा वरच बघत चालायचं, कारण खालचा मजला दुकानांच्या पाट्यांनी कधीच झाकलाय, मूळची इमारत दिसते ती वरच्या मजल्यांवर. बांधल्याचं साल, दगडातलं कोरीवकाम, लोखंडी कठडे, आणि ते मोठ्ठं घड्याळ, स्वतःचं घड्याळ घेणं बहुतेकांना परवडत नव्हतं तेव्हा त्याच्या टोल्यांवर लोकांचा दिवस चालायचा.

पण हे सगळं बाहेरून! आत जायचं तर नेमकं शनिवार-रविवारी कुलूप. मागे असंच एका जुन्या सरकारी इमारतीच्या फाटकावरून आम्हाला परत पाठवलं, आत सुंदर दगडी जिना आहे म्हणे, पुतणी सारखी विचारत होती आत काय आहे, आणि मी तिला मोबाईलवर फोटो दाखवला. आपल्याच पैशातून जपलेल्या इमारती आपण फोटोत बघायच्या, हे मला अजिबात पटत नाही.

सिक्युरिटीचं कारण नेहमी सांगतात. फ्रान्सने १९८४ साली वर्षातून एकदा ऐतिहासिक इमारती लोकांसाठी उघडायला सुरुवात केली, आता सप्टेंबरातल्या वीकेंडला असतं ते, आणि त्यात राष्ट्राध्यक्षांचा एलिझे पॅलेससुद्धा असतो, लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून आत गेलेत. राष्ट्राध्यक्षांचं घर उघडता येतं तर जुनं पोस्ट ऑफिस का नाही? पुढे ही पद्धत युरोपभर गेली, लंडनमध्ये १९९२ पासून ओपन हाऊस चालू आहे, आणि युरोपबाहेर कॅनडातल्या टोरांटोमध्येही २००० पासून डोअर्स ओपन. माहिती सांगायला बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक असतात, त्यात आर्किटेक्ट असतात, नुसती आवड असलेले लोकही असतात, म्हणजे खर्चाचाही फार बाऊ करायला नको.

सगळ्या इमारती एकदम उघडा असं म्हणणं नाहीये. एका शहरात एक इमारत, एक रविवार, सकाळचे दोन-तीन तास, ग्रुप करून आत सोडा, जिथे फायली-कागदपत्रं आहेत त्या खोल्या बंद ठेवा. आणि कुठली इमारत कधी उघडी आहे ते तुम्ही आदल्या शनिवारी पेपरात छापा, म्हणजे बाहेरगावच्या माणसाला तसा बेत आखता येईल.

आपला,
एक नियमित वाचक