सूचना : फ्रेझर नॅश बाहेर काढण्याआधी साखळ्या तपासा

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवारी सकाळी ८ वाजता शेल्स्ली वॉल्शच्या (इंग्लंडमधल्या शर्यतीच्या) चढाकडे निघायचे आहे. ज्यांच्या फ्रेझर नॅश, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, हिवाळाभर उभ्या होत्या, त्यांनी शनिवारीच साखळ्या बघून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

आपल्या गाडीत नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी साखळी प्रत्येक गिअरला वेगळी, आणि सगळ्या उघड्या. रस्त्यावरची धूळ, वाळू थेट त्यांच्यात जाते. गेल्या वर्षी माझी दुसऱ्या गिअरची साखळी ऐन चढावर तुटली. वरून तेलाने काळीभोर, पण कडी वाकवली तर करकर आवाज. आत कोरडी ठणठणीत. म्हणून नुसते वरून तेल लावू नका. साखळी काढा, रॉकेलमध्ये धुवा, कडी न् कडी मोकळी करा, मगच तेल.

पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी : मागे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. ओल्या वळणावर शेपूट सुटते, म्हणजे गाडीची मागची बाजू घसरते. वेग वळणाआधीच कमी करा.

साखळीच्या अशा एकूण सुमारे ३५०च फ्रेझर नॅश बनल्या होत्या. आपल्या हातातली प्रत्येक गाडी जपायलाच हवी. जादा साखळी आणि जोडकड्या सोबत ठेवा. कोणाकडे नसतील तर शुक्रवारपर्यंत कळवा, मी आणतो.