मीटरचे तीन आकडे कळव

गंगाखेड,
30 नोव्हेंबर 2025

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की रूमवरच्या पोराच्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात, म्हणून सगळे त्याला ‘करंटवाला’ म्हणतात. तू फोन ठेवलास आणि माझी झोप गेली. रात्री दोन वाजता उठून ओट्यावर बसलो. आई म्हणाली, पोरगं शहाणं आहे, झोपा. शहाणं आहेच. पण अण्णाही शहाणाच होता.

आता नीट ऐक. अर्थिंगचं एकदाच लिहितो, परत काढणार नाही. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या तुमच्या त्या पॉवर सप्लायच्या आत, लाइन येते तिथं, फिल्टरचे दोन बारके कपॅसिटर असतात. एक फेजकडून बॉडीला, म्हणजे डब्याच्या पत्र्याला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. त्यातून थोडा करंट कायम झिरपत असतो आणि अर्थिंग असलं की तो गुमान जमिनीत जातो. अर्थिंग नसलं की डबा अधांतरी लटकतो आणि त्याच्यावर निम्मा व्होल्टेज येतो, 110-115च्या आसपास. त्या मुंग्या म्हणजे हेच. त्या झिरपणाऱ्या करंटानं माणूस मरत नाही, खरं आहे. पण मुंग्या येतात याचा अर्थ त्या बोर्डाला अर्थिंग नाही. उद्या आतली एखादी वायर सोलून बॉडीला टेकली तर डब्यावर पुरे 230 येतील आणि त्यांना जायला वाट तुझ्या हातातूनच असेल. वाघोलीची ती जुनी बिल्डिंग मी पाहिली आहे. बोर्डाला तीन भोकं आहेत, पण तिसऱ्या भोकामागं वायर आहे का, हे भोक बघून कळत नाही.

एवढंच. आता दुसरं लिहितो.

पाडव्याला मी जे बोललो ते मामासमोर बोलायला नको होतं. ‘लोकांच्या रानात गुडघाभर गाळ आणि आमच्या पोराला खेळायला पन्नास हजारांचा डबा पाहिजे.’ हे माझेच शब्द. तू ताटावरून उठलास, आणि भाऊबीजेला ताईनं ओवाळलं तेव्हाही तुझी मान खालीच होती. ते काहून बोललो, ते तुला सांगायचं राहिलं.

सप्टेंबरच्या शेवटी जायकवाडीचं पाणी सुटलं आणि गोदावरी नदीकाठच्या रानांत शिरली. पाणी ओसरल्यावर दुकानात बुडालेल्या मोटारींची रांग लागली. तू दिवाळीला आलास तोवर बाहेरच्या निंबाखाली चाळीसच्या वर पडल्या होत्या. एकेक उघडली की आत गाळ, गवत, एकीत तर स्टेटरच्या स्लॉटात शिंपला बसलेला. वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला की काटा शून्यावर. महिनाभर मी आणि तुकाराम रात्री अकरापर्यंत वायंडिंग करत होतो. इतकं काम दुकानात कधीच आलं नव्हतं. आणि जे लोक मोटार घेऊन येत होते त्यांचं सोयाबीन जागेवर कुजलं होतं. यंदाचा हमीभाव क्विंटलला 5,328 आहे म्हणतात, पण काळं पडलेलं, कोंब फुटलेलं सोयाबीन त्या भावानं कोण घेणार? काहींकडून मी फक्त तारेचे पैसे घेतले, काहींचं उधार लिहिलं. तरी गल्ल्यात पैसा जमला. तो हातात घेताना जड वाटायचा. त्यातच तू गेमच्या कॉम्प्युटरच्या सामानाची यादी काढलीस आणि माझा सगळा तो राग तुझ्यावर निघाला. तुझी त्यात काही चूक नव्हती. चुकलो मी.

ती यादी तू बिलबुकात विसरून गेलास. मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात, प्रत्येक वस्तूपुढं नवीचा भाव, जुनीचा भाव, खाली बेरीज. मी ती चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग झेरॉक्सवाल्याच्या पोराला बसवून एकेक ओळ समजून घेतली. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी 450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम दोन पट्ट्यांत, आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड. तो पोरगा म्हणाला, काका, यादी बनवणाऱ्याला अक्कल आहे, प्रोसेसर बसतो ते सॉकेट एएम 4 धरलं म्हणून बोर्डही स्वस्त पडतं. मला लई बरं वाटलं. मी त्याला चहा पाजला.

पण ओंकार, शेवटून दुसरी ओळ. ‘पॉवर सप्लाय 500 वॅट, 1,300 रुपये.’ सगळ्या यादीत सर्वांत कमी पैसे तू ज्याच्यावर सगळं चालणार त्याच्यावर लावलेस. तू माझा मुलगा आहेस म्हणून हे मला जास्त लागलं. लहानपणी दुकानात मी तुला काय शिकवलं? पाच एचपीची पाटी मारलेली मोटार हातानं उचलून बघायची. तांबं कमी भरलं असेल तर वजनाला मार खाते. पाटी कोणीही मारतो. सप्लायचंही तेच. 500 लिहिलेला पत्र्याचा हलका डबा 250-300च्या पुढं लोड आला की तापतो आणि जाताना बोर्ड, कार्ड सगळं बरोबर घेऊन जातो. 80 प्लस ब्राँझ, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा असं छापलेला, नावाजलेल्या कंपनीचा, 550 वॅटचा, पाच वर्षं वॉरंटीचा घे. कार्ड 132 वॅटचं आहे, प्रोसेसर 65चा, म्हणजे 550 रग्गड झाला. हा एकदा घेतला की पुढं तू कार्ड बदल, बोर्ड बदल, सप्लाय तोच चालतो. हे वरचे पैसे माझे, तुझ्या बजेटात धरू नको.

आणि तो कधी, कधी म्हणजे कधीच, उघडू नको. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर डीसी बसून राहतं. बंद आहे म्हणून हात घातला, असं अण्णाही... असो. तुला माहीत आहे.

मी परत तिकडंच गेलो. अर्थिंगचं काढणार नाही म्हणालो होतो.

तुझं लहानपण आठवलं. तू चौथीत होतास. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून दर शुक्रवारी त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम तुझ्याकडं होतं. तू विचारलंस, बाबा, जमिनीला पाणी पाजल्यानं वीज कशी पळते? मी सांगितलं, खाली मीठ आणि कोळसा आहे, ओल असली की वाट मोकळी राहते. तर तू मीठ आणायला घरात पळालास आणि आईचा सगळा डबा रिकामा केलास. आणि ते वेढे मोजणं. मी फॉर्म्यावर तार गुंडाळत होतो, तू मोजत होतास. मी म्हणालो बेचाळीस, तू म्हणालास एक्केचाळीस. मी रागावलो. तुकारामनं उलगडून मोजलं तर एक्केचाळीस निघाले. त्या दिवशी मी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगितलं होतं, तुला मात्र सांगितलं नाही.

सातवीत भंगारातनं आणलेला तो कॉम्प्युटर तू ओसरीत मांडलास. तीन दिवस पडदा काळाच. चौथ्या दिवशी तू रॅमची पट्टी काढून आईच्या खोडरबरानं तिचे सोनेरी दात पुसलेस, परत दाबून बसवलीस आणि ‘टिक’ आवाज आला. पडदा लागला तेव्हा तू ओरडला नाहीस, नुसता माझ्याकडं बघत राहिलास. मला तेव्हाच कळलं होतं की हे पोरगं तांब्यातून पुढं जाणार आहे. मग पाडव्याला मला ‘खेळणं’ कसं काय दिसलं, मलाच कळेना.

रॅमवरून आठवलं. यादीत तू जो भाव लिहिलास तो आता राहिला नाही, महिन्याभरात जवळजवळ दुप्पट झालाय. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा सगळा माल ते एआयवाले मोठमोठ्या सेंटरसाठी उचलूलालेत म्हणे. म्हणून माझं म्हणणं, रॅम जुनी घे. रॅम जुनी चालते, त्यात हलणारं काही नसतं. दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या बघ आणि बोर्डावर लावून दाखव म्हण.

कार्ड जुनं घेताना मात्र घाई नको. 2022च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. तशी कार्डं अजूनही फिरतात. रिवाइंड केलेली मोटार नवी म्हणून विकतात तेव्हा मी काय बघतो? स्क्रूची डोकी खरवडलेली आहेत का, नव्या रंगाखाली जुना गंज आहे का, बेअरिंग हातानं फिरवल्यावर कुरकुरतं का. तू पंख्याची पाती हलवून बघ, लडबडतात का. स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय का बघ. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास जड गेम चालवायला लाव आणि तापमान बघत बस. तो ‘टाइम नाही’ म्हणाला तर उठून ये. आणि पैसे कमी पडले तर कार्ड सहा महिने थांबव. 5600च्या जागी 5600जी घेतला तर त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, हलके गेम तेवढ्यावर चालतात, असं झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला. तुला हे पटणार नाही, माहीत आहे. तुझं तू ठरव. फक्त हप्त्यावर घेऊ नको. हप्त्याच्या वस्तूनं या घरात काय केलं, ते ताईच्या लग्नानंतरची दोन वर्षं तू पाहिलंस.

गेमचं मला फारसं कळत नाही, पण फुकटचा क्रॅक केलेला गेम परत आणू नको. मागे दुकानाच्या कॉम्प्युटरवर तू तसला टाकलास आणि सगळ्या बिलांच्या फाइली कुलूप लागल्यासारख्या झाल्या. मी तेव्हा तुला मारलं नाही, पण तीन वर्षांची बिलं मी आणि आईनं रात्री जागून परत लिहिली. गेम विकणाऱ्या स्टीमवर रुपयांत भाव असतात, डिसेंबरच्या शेवटी सेल लागतो, जुने गेम पाव किमतीत मिळतात. दोन तासांच्या आत खेळून आवडला नाही तर चौदा दिवसांत पैसे परत मिळतात. एपिकवर दर आठवड्याला एखादा गेम फुकट असतो. हे सगळं तुला आधीच माहीत असणार. मी विचारून घेतलं एवढंच, म्हणजे तू बोललास तर मला कळावं.

आता हे वाचून वाटेल, बाबांनी परत व्याख्यान दिलं. दिलं. माफ कर. समोर असलो की मला बोलायला येत नाही आणि कागदावर थांबायला येत नाही.

पार्सलमध्ये माझा मल्टिमीटर आहे. पिवळा, तुला आवडायचा तो. जोडणी करायच्या आधी, काहीही लावायच्या आधी, बोर्डात तीन वेळा लाव. रेंज एसीची, 750वर. फेज-न्यूट्रल 230च्या जवळ यायला पाहिजे. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थला काटकसरीचं 60, 90 असं काही दाखवलं, किंवा काहीच नाही दाखवलं, तर अर्थिंग नाही. आणि न्यूट्रल-अर्थ अगदी ठोक शून्य दाखवलं तर कोणीतरी बोर्डातच दोन्ही पिना तारेनं जोडल्या असतील, ते तर सगळ्यात वाईट, न्यूट्रल तुटला की डबाच फेज होतो. बोर्ड तू उघडू नको. मालकाला सांगून वायरमन बोलाव, मी पैसे पाठवतो. मालकानं कुरकुर केली तर मला फोन लावून दे. करंट गळाला की लाइन तोडणारी 30 मिलिअँपियरची आरसीसीबीही बसवून घे. नळाला वायर बांधून अर्थिंग करायचा जुगाड रूमवरच्या कुणालाही करू देऊ नको, वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ करत असतं.

तीन पिनांची एक्स्टेन्शन मी स्वतः बांधली आहे, आत दीड एमएमची तार आहे. तिची अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते ती उगीच नाही, ती आधी लागते आणि शेवटी सुटते. ती कापू नको, दोन पिनांच्या बोर्डात बसत नाही म्हणून.

आणि रबरी चप्पल ठेवली आहे. कॉम्प्युटर जोडताना तुम्ही पोरं अनवाणी बसता, अंगावरची स्टॅटिक वीज जमिनीत जावी म्हणून. चिप उडू नये म्हणून तसं करतात, समजतं मला. तुझी चिप उडाली तर दुसरी आणू. जोडणी करताना प्लग काढलेला असू दे, अंगावरची वीज घालवायला अधूनमधून डब्याच्या पत्र्याला हात लाव, आणि चालू करायच्या वेळी चप्पल घाल. त्या दिवशी विहिरीवर अण्णाच्या पायात काही नव्हतं. त्याच्या चपला काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या, ते मी आजवर तुला सांगितलं नव्हतं.

पाकिटात तीस हजार आहेत. पुराच्या मोटारींचे आहेत, म्हणून नीट वापर. बाकीचे तुझ्या ट्युशनचे साठलेले आहेतच. आईनं करडीच्या तेलातलं लोणचं आणि धपाटे ठेवलेत, धपाटे पहिल्या दिवशीच खा. ताई म्हणाली, पहिल्यांदा चालू होईल तेव्हा व्हिडिओ कॉल कर, सगळे बघू. मीही बघेन.

ट्रॅव्हल्स पहाटे साडेपाचपर्यंत वाघोलीत येते. ड्रायव्हरचा नंबर आईनं तुझ्या मोबाइलवर पाठवलाय. पार्सल घेतलंस की आधी मीटर काढ आणि ते तीन आकडे मला पाठव. सकाळी दुकान उघडण्याच्या आधी पाठव.

तुझे,
बाबा