रिजेक्शन कमी झालं, मग रेटही कमी करा?

महोदय,

काल आपल्या उद्योग पानावर लघुउद्योगांनी नवनवे प्रयोग करून जगाचा बाजार जिंकावा, असा लेख वाचला. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. फक्त सोबत छापलेला रोबो आमच्या शिरोली एमआयडीसीच्या कुठल्या शेडमध्ये आहे ते कळवा, आम्हीही बघून येऊ.

माझी छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. जर्मनीला जाणारी आमची व्हॉल्व्ह बॉडी (व्हॉल्व्हचं ओतीव कवच) हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला गळायची. बॉसच्या, म्हणजे जाड उंचवट्याच्या पोटात श्रिंकेज, म्हणजे धातू गोठताना आकसून पडणारी पोकळी राहत होती. ओतकाम आधी संगणकावर करून दाखवणारे सॉफ्टवेअरवाले कोटेशन देऊन गेले, ते वाचूनच घाम फुटला. शेवटी आमच्या पॅटर्नच्या मेस्त्रींनी साच्यात बॉसपाशी उष्णता ओढून घेणारा लोखंडी तुकडा, म्हणजे चिल बसवली आणि इनगेट, म्हणजे रस आत शिरायची वाट सरकवली. जाड भाग वेळेत गोठू लागला, गळती थांबली. जर्मन गिऱ्हाइकानं प्रक्रिया बदलली म्हणून सगळे कागद नि नमुने नव्यानं मागितले, जीव काढला. पण ऑर्डर वाढवली.

आता आपल्या इथली तऱ्हा. अशाच बॉडी घेणाऱ्या एका बड्या कंपनीचे परचेसचे साहेब शेडवर आले. चिल हातात घेऊन पाहिली, मेस्त्रींची पाठ थोपटली, चहा घेतला. महिनाभरात मेल आला: रिजेक्शन (नापास होणारा माल) घटले आहे, सबब रेट कमी करावा. डोकं मेस्त्रींचं, ट्रायलच्या हीट (भट्टीचे घाणे) आमच्या, विजेचं बिल आमचं आणि बचत साहेबांच्या नावावर! पुढचा प्रयोग करायला पैसा उरणार कुठून?

बरं, ठरलेला रेट तरी वेळेत मिळावा? लघुउद्योगांचं बिल करार असला तरी 45 दिवसांत द्यायचं, नाहीतर खरेदीदाराचा तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जाणार नाही, हा 43बी(एच) कलमानं आणलेला नियम 1 एप्रिल 2024 पासून आहे. यावर त्यांच्या अकाउंट्सचा तोडगा काय, तर ‘तुमची उद्यम नोंदणी रद्द करता का?’ म्हणजे आम्ही कागदोपत्री लघुउद्योगच उरणार नाही! नवकल्पना म्हणतात ती ही! यावर आपल्या लेखात एक ओळ नाही. 2026 पासून युरोपनं बाहेरून येणाऱ्या लोखंडी मालावर लावलेल्या कार्बन कराचीही नाही. त्यापायी शेजारचा पाइप फिटिंगवाला टनामागे किती कार्बन बाहेर पडला याचे तक्ते भरत बसलाय.

जाता जाता. या पानावर पूर्वी पिग आयर्न आणि भंगाराचे भाव यायचे. ते बंद का केले? रोबोचा फोटो थोडा लहान केलात तर मावतील.

– एक फाउंड्रीवाला, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर